ताईच्या ओट्याचा काळा दगड

ताईनं फोनवर एवढंच सांगितलं, "तो चमचमणारा काळा ग्रॅनाइट घेऊन ये, जत्रेआधी ओटा झाला पाहिजे." मी सवयीनं म्हटलं, "ताई, तो ग्रॅनाइट नव्हे." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "झालं तुझं सुरू!"

माझं काय सुरू होतं ते आधी सांगतो. मी शिकलो जिऑलॉजी. बरीच वर्षं गोव्यात सांग्याकडच्या एका लोहखनिजाच्या खाणीवर बोअरच्या कोअरची, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडाच्या दांड्यांची, नोंद ठेवायचं काम केलं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मधे थोड्या हलल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. तेव्हापासून धाकट्या मेहुण्याच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या यार्डात बसतो. तिथली पोरं पाठीमागे मला 'दगड चाटणारे सर' म्हणतात. म्हणू देत. दगड ओला केला की त्यातले कण उठून दिसतात, आणि पाण्याची बाटली दर वेळी हाताशी नसते.

तर ग्रॅनाइट. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ (आपली गारगोटी) आणि फेल्स्पार ही फिकट खनिजं भरपूर, म्हणून तो गुलाबी, राखाडी, पांढुरका. काणकोणच्या समुद्रकाठचे ते गोल गुळगुळीत धोंडे आठवा. कुळकुळीत काळा ग्रॅनाइट निसर्गात नसतोच म्हटलं तरी चालेल. बाजारात त्या नावानं जे येतं ते बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं, गॅब्रो नाहीतर डोलेराइट. दोघंही जमिनीच्या पोटात थिजलेल्या शिलारसाचे, दोघांतही सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, पन्नास टक्क्यांच्या आगेमागे, ग्रॅनाइटमध्ये ती सत्तरीच्या आसपास. खनिजंही तीच दोन, करडं प्लॅजिओक्लेज आणि काळं पायरॉक्सिन. सख्खे भाऊ. फरक पडला तो थंड व्हायला मिळालेल्या वेळाचा.

ताईला हवा होता तो चमचमणारा दगड आंध्रातल्या चिमकुर्तीचा, व्यापारात 'ब्लॅक गॅलेक्सी'. हा गॅब्रोच्या घराण्यातला. खोलवर मोठ्या कोठारात शिलारस हजारो वर्षं निवत राहिला, स्फटिकांना हातपाय पसरायला सवड मिळाली. भिंगाशिवाय कण दिसतात. त्यातले सोनेरी ठिपके म्हणजे ब्राँझाइट नावाचं पायरॉक्सिन. यार्डात आलेल्या एका वहिनींनी विचारलं होतं, "घासून घासून सोनं निघून जाणार नाही ना?" म्हटलं, वहिनी, ते सोनं असतं तर मी इथं तुम्हाला ओटा विकत बसलो असतो का?

दुसरा साधा, ठिपके नसलेला, गर्द काळा. तो कर्नाटकातल्या चामराजनगरकडचा डोलेराइट. खडकाला भेग पडली, तिच्यात शिलारस घुसला आणि भिंतीसारखा उभा थिजला. अशा भिंतीला आम्ही डाइक म्हणतो. आजूबाजूचा खडक थंड, त्यामुळे रुंदीप्रमाणे काही आठवड्यांत नाहीतर काही वर्षांत खेळ आटोपला. कण बारीक राहिले. सिंकसाठी कापून काढलेल्या तुकड्याची न घासलेली कड दहापट भिंगाखाली धरली की मला बघतच राहावंसं वाटतं. प्लॅजिओक्लेजच्या बारीक फिकट काड्या, बासमतीच्या शितांसारख्या, वाटेल तशा आडव्यातिडव्या पडलेल्या आणि त्यांच्या मधली सगळी फट काळ्या पायरॉक्सिननं बुजवलेली. एकेका काडीला दुसरीनं अडवून धरलंय. डोलेराइटचा सगळा चिवटपणा या गुंत्यात आहे.

डाइकच्या अगदी कडेला गेलात तर कण आणखी बारीक, जवळजवळ बेसॉल्ट, म्हणजे वर येऊन झटपट थिजलेल्या लाव्हाचा खडक. डाइक खूप रुंद असला तर मधोमध तोच दगड गॅब्रोकडे झुकतो. म्हणजे दोघांमधली सीमा आम्ही माणसांनी आखलेली. अरबी समुद्रात किनाऱ्यापासून खूप आत, जिथं खरा महासागरी तळ लागतो, तिथं तर सगळं कुटुंब एकावर एक बसलेलं असतं. वर बेसॉल्ट, त्याखाली डोलेराइटच्या उभ्या डाइकांची चळत, तळाशी गॅब्रो.

आपल्याकडे दोन्ही आहेत. बोंडल्याला पोरांना प्राणी दाखवायला नेतो त्या डोंगरात गॅब्रो आणि त्याहून जड, काळपट-हिरव्या खडकांचे थर आहेत. डाइक तर गोव्यात ठिकठिकाणी. काहींचं वय मोजलंय, साधारण ६ कोटी २८ लाख वर्षं. सह्याद्रीचा मुख्य लाव्हा ओतून झाल्यावर मागाहून आलेली ही मंडळी. पण म्हणून गोव्याचा डोलेराइट काढून ओटे करू म्हणाल तर नाही जमायचं. खाणीच्या उभ्या भिंतीत मी डाइक पाहिलाय तो पिवळट चिकणमातीचा. नखानं कोरता येईल असा. लोह-मॅग्नेशियमची खनिजं आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसात टिकत नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात, मधे कधी एखादा टणक गोळा उरतो, बाकी माती. असा एक गोळा मी घरी आणलाय, दाराला टेकण म्हणून.

आता कामाचं. घनता दोघांची जवळपास सारखी, पाण्याच्या तिप्पट. २० मिलिमीटर जाडीचा दहा चौरस फूट तुकडा ५६ किलोच्या आसपास भरतो, खरा ग्रॅनाइट तेवढाच ४९ च्या आसपास. जिन्यावरून वर चढवताना त्या सात किलोंची किंमत कळते. ओट्यासाठी मी दोघांत भांडण लावत नाही. दोघंही पाणी फारसं पीत नाहीत, गरम टोप ठेवला तरी बिघडत नाही. गॅब्रोवर पिठाचे डाग, ओरखडे कमी दिसतात, कारण ठिपक्यांत लपतात. गर्द डोलेराइटवर मात्र हाताचा प्रत्येक ठसा दिसतो. पण नावाची पाटी किंवा अक्षरं कोरायची असतील तर डोलेराइटच घ्या. कण बारीक, म्हणून अक्षराची कड तुटत नाही, आणि कोरलेला भाग आपोआप करडा-पांढरा दिसतो, रंग भरावा लागत नाही. गॅब्रोवर बारीक अक्षर कोरायला गेलं की एखादा मोठा स्फटिक टचकन उडतो आणि 'श्री' चा 'शी' व्हायची वेळ येते.

खडीसाठीही माझं मत डोलेराइटलाच. कण गुंतलेले असल्यामुळे चिरडत नाही, आणि डांबर अशा सिलिका कमी असलेल्या दगडाला घट्ट धरतं. क्वार्ट्झवाल्या ग्रॅनाइटच्या खडीला पाणी डांबरापासून सोडवतं. आपल्या पावसात रस्ते का उखडतात याला इतरही कारणं आहेत, ती इथं काढत नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा मावसभाऊ काम करतो, तिथं सुटे भाग मोजायला काळ्या दगडाचा सपाट ठोकळा आहे. गंज चढत नाही, आपटलं तर कडेला उंचवटा येत नाही, थोडा टवका उडतो इतकंच. मी बघायला गेलो तर त्यानं आधीच बजावलं, "इथं चाटू नको हां."

फसवणूकही होते, मीच फसलोय. एका बाहेरच्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात काळ्या लाद्या घेतल्या, फोंड्याच्या एका काकूंच्या घरी बसवल्या. सहा महिन्यांत ओटा शेगडीभोवती राखाडी. दगड मुळात करडा, वरून रंग चढवलेला. पदरचे पैसे घालून बदलून दिला. तेव्हापासून नवा माल आला की कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून पुसतो. कापूस काळा झाला, माल परत. शिवाय कोपऱ्यात कोकमाच्या आगळाचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवतो. जुन्या घरांतला कडाप्पा काळा असला तरी चुनखडक, आंबट लागलं की तिथं फिका, निस्तेज डाग पडतो. गॅब्रो-डोलेराइटला आगळाचं काही सोयरसुतक नाही, सकाळी पुसलं की झालं.

ताईला शेवटी गॅलेक्सीच दिला. तिच्यापुढे कुणाचं चाललंय? आणि तिच्याच ओट्यात मी घाण केली. सिंकचं भोक कापताना आतले कोपरे गोल ठेवायचे असतात, घाईत एक काटकोनी राहिला. लादी उचलताना त्याच कोपऱ्यातून केसाएवढी चीर धावली थेट कडेपर्यंत. सगळा ताण अशाच कोपऱ्यात येऊन बसतो, हे मी पोरांना दर आठवड्याला सांगतो. दुसरी लादी माझ्या खात्यावर. पोरं गप्प होती, पण त्या गप्प बसण्याला आवाज होता.

तुटलेली लादी मी यार्डात नेली. चार दिवसांनी ताईचा फोन. तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिठात घातली होती, चेपणीला वजन हवं होतं. पूर्वी आई नदीतला काळा गोटा वापरायची, तो घर दुरुस्त करताना कुठं गेला कुणास ठाऊक.

"तुझ्या त्या फुटक्या ग्रॅनाइटचा एक तुकडा बरणीच्या तोंडाच्या मापाचा काप आणि आण."

मी चामराजनगरवाल्याचा जाड तुकडा निवडला, कडा गोल घासल्या, पॉलिश मुद्दाम केलं नाही, दोनदा उकळत्या पाण्यातून काढला. तिनं हातात घेऊन वजन बघितलं, उलटासुलटा केला.

"ह्यात ते सोनं नाही?"

"नाही. हा डोलेराइट."

"बरं," म्हणाली, आणि तोरांवर ठेवून बरणीचं फडकं बांधलं.