केसपेपरच्या आधीची मिनिटं

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटचा ईसीजी दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. जिल्ह्याच्या गावातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचं ऑडिट होतं. रजिस्टरात ही वेळ सरासरी चार मिनिटं. इतका चांगला आकडा दिसला की मला आधी संशय येतो. कागद एकेक करून जुळवले, तर एका पेशंटचा ईसीजी तो येण्याच्या सहा मिनिटं आधीच निघालेला!

मशीनचं घड्याळ मागे होतंच, पण खरी गोम वेगळी होती. रजिस्टरातली ‘आगमनाची वेळ’ म्हणजे केसपेपर छापल्याची वेळ. पेशंट स्ट्रेचरवर, मुलगा खिडकीपाशी रांगेत आधार कार्ड शोधतोय, आणि आत कुणीतरी म्हणतंय, “केसपेपर आणा, मग बघू.” त्या रांगेतली मिनिटं कुठेच नोंदली जात नव्हती. संध्याकाळच्या गर्दीत दारातच उभं राहून वेळ लावली, तेव्हा ‘चार मिनिटां’चा ईसीजी एकवीस मिनिटांवर गेला. प्रत्यक्ष ईसीजी काढायला त्यातली तीनच लागली होती.

उपाय बिनखर्चाचा आहे. दारावरच्या वॉचमनने येण्याची वेळ चिठ्ठीवर लिहून स्ट्रेचरला लावायची, ईसीजी आधी आणि केसपेपर नंतर, आणि भिंतीवरचं, कॉम्प्युटरचं, मशीनचं घड्याळ रोज सकाळी मोबाइलशी जुळवायचं.

मग क्रॅश कार्ट, म्हणजे जीव वाचवायच्या औषधांची आणि उपकरणांची सीलबंद ढकलगाडी. सील शाबूत, चेकलिस्टवर सगळ्या टिका, उद्याच्या तारखेचीसुद्धा. सिस्टरना लॅरिंगोस्कोपला (श्वासनलिकेत नळी घालताना घशात बघायचं दिव्याचं उपकरण) ब्लेड लावून दाखवायला सांगितलं. तीन नंबरचं ब्लेड लखलखीत पेटलं, चार नंबरचं पेटलंच नाही. बल्ब ढिला होता. खालच्या कप्प्यात पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलीच्या अँप्युल्स, त्याला खेटून तेवढ्याच आकाराचं, इंजेक्शनं पातळ करायचं डिस्टिल्ड वॉटर. पोटॅशियमच्या त्या एका अँप्युलमध्ये वीस मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. पातळ न करता शिरेतून झटकन दिलं तर हृदय थांबतं. रात्री तीन वाजता, घाईत, लेबल वाचलं जाईलच याची खात्री कोण देणार? त्या तिथल्या तिथे कार्टमधून काढायला लावल्या. त्यांची जागा कुलपात, वेगळी, लाल लेबलखाली.

बी टाइप ऑक्सिजन सिलिंडरचा दाबाचा काटा ५० वर होता. भरलेला १५० वर, म्हणजे साधारण दीड हजार लिटर. इथे पाचशेच उरलेले. मिनिटाला दहा लिटरने पन्नास मिनिटं. शेजारच्या सीटी स्कॅनपर्यंत पुरेल, पण पेशंटला दीड तासावरच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं तर अर्ध्या वाटेत संपेल. शिवाय व्हॉल्व्हची चावी स्टोअरमध्ये, आणि स्टोअर रात्री बंद. ती साखळीने सिलिंडरलाच बांधायची असते.

उद्याच्या टिका का, हे मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, “सर, तपासायला सील तोडलं की फार्मसीचा फॉर्म भरा, नवीन सीलसाठी थांबा. ड्युटीवर दोघीच असतो.” मुद्दा रास्त होता. म्हणून अहवालात त्यांच्यावर ठपका ठेवला नाही. नंबर घातलेली जादा सीलं कॅज्युअल्टीतच ठेवा आणि औषध वापरलं नसेल तर फॉर्म नको, एवढं पहिल्या पानावर लिहिलं.