जिजींचा आवाज त्याच्या आवाजाखाली नको होता

धुळ्यात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. अहिराणी गाणी, हळदीची गाणी, देवीची गाणी, निवडणूक आली की प्रचाराची. आषाढ हा आमच्या धंद्याचा हंगाम. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई, ही आमची खानदेशची देवी, बसते, त्याआधी गाणं यूट्यूबवर आलं नाही तर वर्षभर त्याला कोणी विचारत नाही. त्या दिवशीही कानबाईचंच गाणं होतं. पैसा लावणारे आप्पा माझे जुने गिऱ्हाईक, आणि गायक खानदेशभर गाजलेला. त्याचं नाव लिहीत नाही.

काही आठवड्यांपूर्वी एका गावात हळदीच्या कार्यक्रमात या गायकाने सोबत गाणाऱ्या बाईच्या हातातून माइक ओढून घेतला होता आणि भर स्टेजवर तिच्या अंगावरून नको ते बोलला होता. खाली बसलेली माणसं हसली. तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. ती बाई म्हणजे आमच्या कोरसमधल्या जिजी. आप्पांनी त्यांनाही त्याच दिवशी बोलावलं होतं, कारण कानबाईच्या गाण्याचा कोरस जिजींशिवाय भरत नाही.

आप्पा म्हणाले, ‘‘आधी त्याचं घेऊ, तो गेला की बायकांचं. समोरासमोर येणारच नाहीत.’’ आमच्याकडे ते सहज जमतं. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घेतला जातो, एका गाण्यातली माणसं एकमेकांचं तोंडही न बघता घरी जातात. मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. जिजी आल्यावर त्यांना विचारायचं, एवढं मनाशी धरून कच्चा ट्रॅक घ्यायला बसलो.

तो गायला. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. हेडफोनचा एक कान मोकळा ठेवून, डोळे मिटून गातो. दुसऱ्या अंतऱ्यात कानबाईला निरोप द्यायची ओळ होती. तिथे त्याने सूर किंचित खाली धरला, ‘डोया’ म्हणजे डोळे, या शब्दावर थांबला आणि मग अलगद वर नेऊन टेकवला. ते शिकवून येत नाही. बाकी सगळं बंद करून नुसता आवाज ऐकला, तर दोन ओळींच्या मध्ये श्वास कुठे घेतला तेही सापडेना. इतरांच्या आवाजावर मी तासन्‌तास दुरुस्त्या करत बसतो, इथे हात लावायची गरज नव्हती. ढोलकीवाले नाना काचेपलीकडे बोटांनी मांडीवर ठेका धरून बसले होते. बाहेर येऊन तो सगळ्यांशी हसून बोलला, चहा घेतला आणि गेला.

दुपारी जिजी आल्या. मी गाणं कोणाचं आहे ते सांगितलं आणि ऐकवलं. त्यांनी अंतरा पूर्ण ऐकला. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘गायना भारी. पन भाऊ, मन्हा आवाज त्याना आवाजना खाले नको.’’

कोरसचा आवाज मिक्सिंगमध्ये मुख्य आवाजाच्या खालीच बसतो. रोज हाताखालची गोष्ट, पण त्या दिवशी तिच्याकडे नुसतं तंत्र म्हणून बघता येईना.

आप्पा चिडले. ‘‘कला वेगळी, माणूस वेगळा. ऐकणाऱ्याला काय घेणं त्याच्या वागण्याचं?’’ हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. वाग्नर या जर्मन संगीतकाराने १८५० मध्ये ज्यूंविरुद्ध विखारी लेख लिहिला. पुढे नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं, म्हणून इस्राएलमध्ये त्याचं संगीत वाजवायचं नाही असा अलिखित दंडक पडला. २००१ मध्ये वाद्यवृंदाचे संचालक बेरेनबॉइम यांनी जेरुसलेममध्ये ते वाजवलं, पण ठरलेला कार्यक्रम संपल्यावर आणि श्रोत्यांना विचारून. बराच वेळ वादावादी झाली, काही लोक उठून गेले, मग वादन झालं. वाग्नर १८८३ मध्येच वारला होता, तरी ज्यांना लागलं होतं त्यांना उठून जायची मुभा होती. जिजींना तेवढीही कोणी देत नव्हतं.

चारित्र्याचे दाखले मागून गाणं घ्यावं, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. १९४६ नंतर सरदार पटेलांकडे नभोवाणी खातं असताना, ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम त्या कलाकारांना आकाशवाणीवर मज्जाव झाला. त्याचा फटका बसला तवायफांना, ज्यांनी ठुमरी-दादरा जिवंत ठेवला होता. कोण कोणाबरोबर राहतो, घरी पितो की नाही, याच्याशी माझं काही घेणं नाही. पण स्टेजवर एका गाणाऱ्या बाईचा माइक ओढणं ही खासगी बाब नाही. ते आमच्या कामाच्या जागेवर घडलं, कामावरच्या बाईशी घडलं. घरी बसून ऐकणाऱ्याला कला आणि माणूस वेगळे करता येतात, खुशाल करावेत. ज्याला त्याच्या शेजारी उभं राहून तोंड उघडायचं आहे, त्याने ते कसे वेगळे करायचे?

मी आप्पांना सांगितलं : त्याने कॅमेऱ्यासमोर जिजींची माफी मागावी आणि जिजींना ती पटावी, मगच हे गाणं इथे पुरं होईल. आप्पांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘‘मी गंमत केली होती.’’ नाना उठले, ढोलकी पिशवीत घातली आणि म्हणाले, ‘‘आप्पा, मंग मी बी नही.’’ नानांचं घर हंगामाच्या पैशावर चालतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आप्पांनी गाणं दुसरीकडे पुरं करून घेतलं. कानबाईला ते गल्लोगल्ली वाजलं, आणि चांगलंच झालं होतं. जिजींनी त्याच आठवड्यात माझ्याकडे दुसरं गाणं गायलं, या वेळी मुख्य आवाज त्यांचा. वरच्या पट्टीत आवाज थोडा ताणला गेला, त्याच्या तोडीचं झालं नाही. नानांनी मात्र त्यात अशी ढोलकी वाजवली, की मिक्सिंग करताना मी ती दोनदा वर उचलली.

नवरात्राआधी आप्पांचा फोन आला. गायकाचं नाव सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘‘जिजींना कोण चालेल ते विचारून ठेव.’’