चेलोचा सुटलेला सांधा

चवथ तोंडावर आली की फोंड्यातल्या माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागते. त्यातच दुपारी दोनला पणजीहून फोन आला. संध्याकाळी पणजीच्याच मळा भागातल्या एका जुन्या घरात मैफल आहे, चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचे ते मोठे वाद्य, खरखरतोय, असाल तसे या.

बोटाच्या पेराने मी चेलोच्या कडेकडेने ठोकत गेलो. घट्ट सांध्याचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा खट्ट. खालच्या फुगवट्याला पाठीची फळी आणि कडेची पट्टी यांचा सांधा चार बोटे सुटला होता. आयोजकांनी वाद्य रात्रभर एसीत ठेवले, सकाळी भर पावसात गाडीतून आणले. लाकूड सुकले, मग फुगले. कलाकारांना शहाळे द्यायची आठवण राहते, वाद्याची कोणालाच नाही, याचा मला खरोखर राग येतो.

एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, पाच सेकंदांत चिकटणारे सोल्यूशन आणू का?" मी त्याला तिथेच थांबवले. या वाद्यांना सरसच लागतो आणि तोही पातळ. सांधा मुद्दाम लाकडापेक्षा कच्चा ठेवतात, म्हणजे ताण आला तर सांधा सुटतो, फळी फुटत नाही. सुटलेला चेलो बिघडलेला नसतो, त्याने स्वतःला वाचवलेले असते.

तारा सैल केल्या, पण पुरत्या नाहीत. सगळ्या उतरवल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे लाकडाची उभी कांडी, आडवा होतो, तो नुसत्या दाबावर उभा असतो. कोमट पाण्याने जुना सरस धुतला. वाटी गरम पाण्यात ठेवून नवा सरस वितळवला. त्याला उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर जोर जातो. पातळ सुरीने तो फटीत सारला आणि तीन क्लॅम्प आवळले. तेव्हा पावणेचार वाजले होते. पावसाळ्यात याला आख्खी रात्र हवी. मला आठपर्यंतचा वेळ मिळाला, तोही मोत्सार्टचे क्लॅरिनेट क्विन्टेट, म्हणजे क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची रचना, उत्तरार्धात ढकलल्यामुळे.

1789 सालची ही रचना त्याने अँटोन श्टाडलर या क्लॅरिनेटवादक मित्रासाठी केली. दमट खोलीत ती वाजवणे कठीण. उष्म्याने क्लॅरिनेटचा सूर चढतो, तारांचा उतरतो. क्लॅरिनेटवादक बाईंनी मुखाजवळचा बॅरल, म्हणजे नळीचा आखूड तुकडा, केसभर बाहेर ओढला तेव्हा कुठे सूर जुळले. मग संथ भाग आला. व्हायोलिनांवर आवाज दबवणारे म्यूट चढले, वर क्लॅरिनेटचा एकच लांब सूर. सगळे घर स्तब्ध. मी मात्र फक्त चेलोच्या खालच्या तारेकडे कान लावून होतो. इतका सुंदर भाग माझ्या हातून निसटला. खरखर आली नाही.

तरी "हो, वाजवा" म्हणायला नको होते, असे अजून वाटते. टाळ्या थांबल्यावर मी पुन्हा ठोकून पाहिले. टोकाला अंगठ्याएवढ्या जागी आवाज पुरता भरीव नव्हता. चेलोवाल्याला स्पष्ट सांगितले, त्याचे बोट तिथे टेकवून दाखवले. त्याचे विमान पहाटेचे. मी तारा सैल केल्या, तिन्ही क्लॅम्प परत आवळले आणि तसेच त्याच्याबरोबर जाऊ दिले.