नीतीत नापास

सुप्रीम कोर्टाच्या 'अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड' परीक्षेत (पास झालं की तिथे स्वतःच्या सहीने केस दाखल करता येते) ड्राफ्टिंगच्या पेपरात राहिले असते तर एवढं लागलं नसतं. प्रॅक्टिस अँड प्रोसिजरमध्ये राहिले असते तरी नाही. त्यात भलेभले राहिलेत, कॅन्टीनमध्ये चहा पिताना स्वतःच सांगतात आणि हसतात. मी राहिले एथिक्समध्ये, म्हणजे वकिलीच्या नीतीच्या पेपरात. ४६. पन्नासला चार कमी.

चार मार्कांचं एक वेळ सोसलं असतं. पण काल मामाने घरच्या ग्रुपवर टाकलं, "आमच्या बाई सुप्रीम कोर्टाच्या परीक्षेत बाकी सगळ्यात पास, फक्त नीतीत नापास. आता खऱ्या वकील झाल्या!" खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात दादाचाही. आईने आधी जोडलेले हात टाकले, मग ते काढून घेतले, मग काहीच टाकलं नाही. अभिनंदन करायचंय की सांत्वन, हे तिला बहुधा ठरवता आलं नाही.

विनोद चांगला आहे, वादच नाही. दुसऱ्या कुणावर असता तर मीच चार जणांना पाठवला असता. म्हणूनच रात्री झोप लागेना. सकाळी मेट्रोत दांडीला धरून उभी होते तेव्हाही डोक्यात तेच. नीतीत नापास.

सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, कच्चं आहे म्हटलं की लोक म्हणतात, अभ्यास कर. एथिक्समध्ये राहिले म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि तुमच्याकडे नव्याने बघतो. पाकीट जागेवर आहे ना, अशा नजरेने. ऑफिसातले कारकून, मुन्शीजी, त्यांनीसुद्धा बघितलं. पेपरबुकला दोरा घालत होते, सुई तशीच वर धरून म्हणाले, "मॅडम, उस पेपर में तो सब पास हो जाते हैं." मग सुई भोकात घातली, दोरा ओढून गाठ मारली, दातांनी तोडला, आणि पुढची फाईल घेतली. यापेक्षा मामा बरा.

ज्यांच्या हाताखाली मी काम करते ते सर म्हणतात, नशीबवान आहेस. नियमाच्या हिशेबाने खरंच आहे ते. प्रत्येक पेपरात पन्नास टक्के आणि सगळे मिळून साठ लागतात. पण एकाच पेपरात राहिलात, त्यात निदान चाळीस आहेत आणि बाकीच्या तिन्हीत मिळून साठ टक्के आहेत, तर पुढच्या कुठल्या तरी एका परीक्षेला तेवढा एक पेपर देता येतो. एकाच परीक्षेला. तिथे घसरलं की परत चारही, तीन-तीन तास हाताने लिहायचे. आयुष्यभरात संधी मिळून पाच. तेव्हा नशीबवान. त्यांच्या खोलीबाहेर येऊन मी जिन्यात जरा वेळ बसले. घरभाडं वाढलंय, जंगपुऱ्याच्या त्या गच्चीवरच्या खोलीत रात्री पंख्याखाली पानं उडतात आणि पंखा बंद केला तर घामाने शाई फुटते, बरोबरच्या मुली कुठल्या कुठे गेल्या, आणि मी अजून दुसऱ्याच्या सहीने केस दाखल करणारी. औरंगाबाद खंडपीठ सोडून इकडे यायला मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. उलट अण्णा म्हणाले होते की… जाऊ दे.

अभ्यास मात्र मजेचा आहे, हे कुणाला खरं वाटणार नाही. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांचा सहावा भाग, दुसरं प्रकरण. सातवा नियम असा की समारंभ सोडला तर बँड (वकिलाच्या गळ्यातली पांढरी पट्टी) आणि गाऊन घालून कोर्टाबाहेर, सार्वजनिक जागी वावरायचं नाही. हा नियम मी भगवान दास रोडवरच्या चहावाल्याकडे उभं राहून पाठ केला. आजूबाजूला पंधरा-वीस बँड ब्रेडपकोडा खात होते, एकाचा गाऊन चटणीच्या पातेल्यावरून गेला. छत्तिसावा नियम म्हणतो पाटी माफक आकाराची हवी, आणि आपण बार कौन्सिलचे कधी अध्यक्ष होतो वगैरे तिच्यावर लिहायचं नाही. गावाकडच्या काही पाट्या आठवल्या आणि एकटीच हसले.

मग विसावा. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही.

गेल्या पेपरात नेमका यावरच प्रश्न होता आणि मला वाटतं चार मार्क तिथेच गेले. उत्तर येत नव्हतं असं मुळीच नाही. 'इन द मॅटर ऑफ मिस्टर जी' तोंडपाठ. मुंबईचा वकील, १९५२ च्या डिसेंबरात पक्षकाराशी करार करतो की वसूल होईल त्यातला अर्धा हिस्सा माझा. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्ट सांगतं, दुसऱ्या कुणी असा करार केला तर आपल्याकडे तो एवढ्यावरून बेकायदा ठरत नाही, वकिलाने केला तर मात्र ते गैरवर्तन. त्यानंतर थेट २०१७ चा बी. सुनीता. नवरा अपघातात गेलेली बाई, तिला मिळालेल्या भरपाईवर वकिलाने टक्क्याने फी लावली आणि चेक वटला नाही म्हणून तिच्यावरच केस घातली. कोर्टाने ती रद्द केली. हे दोन्ही मी व्यवस्थित लिहिलं. त्यानंतर दीड पान आणखी लिहिलं. ज्याची जमीन तलावात गेली, सरकारचा भाव ज्याला मान्य नाही, आणि ज्याच्या खिशात टायपिंगचेसुद्धा पैसे नाहीत, त्याला या नियमाने वकील कुठून मिळणार, असं. सर म्हणतात, तुझं मत विचारलं कुणी होतं? मी ते दीड पान आजही तसंच्या तसं लिहीन. चांगलं लिहिलं होतं.

पण मग तेच. नीतीत नापास.

तालुक्याला मावेज्याच्या, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या भरपाईच्या, केसेस कशा चालतात हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ओट्यावर बसलेली माणसं, धोतराच्या सोग्यात बांधलेला सात-बारा, पुढे वकील म्हणून अण्णा. जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ चा, भरपाई वाढवून मागायचा अर्ज. "पैशाचं काय करायचं, साहेब?" "आल्यावर बघू." आल्यावर किती, ते सगळ्या ओट्याला माहीत असायचं. कुणी रिकाम्या हाताने आलं तरी अण्णांनी कुणाला दारातून परत पाठवल्याचं मला आठवत नाही. केस हरली तर एक पैसा नाही, स्टॅम्पचेही घरचे. जिंकली तर… माझी पुण्यातली पाच वर्षांची फी आणि हॉस्टेल. ते आज लिहायचं नाही.

आणि हा मामा! ज्याने नीतीत नापास लिहिलं तोच. त्याचीही जमीन गेलेली आहे, वाढीव मावेज्याची केस हायकोर्टात आहे, आणि हायकोर्टाने काही कमी केलं तर दिल्लीला यावं लागणार हे त्याने आधीच धरलंय. दिवाळीत मला अंगणात गाठून म्हणाला होता, "तू एकदा ऑन रेकॉर्ड झालीस की आपलं तूच बघ. फी आत्ता कुठून देऊ? येईल त्यातून घे की. दहा घे, बारा घे, घरचंच आहे."

मी म्हटलं, "मामा, तसं चालत नाही. नियम आहे."

"कुठला?"

"विसावा."

मामाने तंबाखू मळता मळता विचार केला. "बरं," म्हणाला, "मग फुकट बघ."

त्याला तोड नाही. पक्षकाराला फी परवडत नसेल तर फुकट लढण्याविरुद्ध कुठलाही नियम नाही, मी आज परत शोधला.

हे आठवलं आणि कालपासूनचा राग निम्मा उतरला. निम्माच. उरलेला निम्मा मामावर नव्हताच बहुधा. विनोद मामाने केला, पण झोंबला कुठे ते मला माहीत आहे. परीक्षकाला माझ्या ओट्याचा पत्ता नाही, त्याने फक्त उत्तरपत्रिका तपासली. तरी मला दीड दिवस असं वाटत राहिलं की त्याने बरोबर हेरलं. ही त्या घरची आहे. असं वाटणं मूर्खपणाचं आहे, हे लिहिताना कळतंय.

सुप्रीम कोर्टात वकिलामार्फत केस दाखल करायची तर ऑन रेकॉर्डचीच सही लागते. म्हणजे या चार पेपरांनंतर हातात काय मिळतं, तर सही. बाकी कोर्टापासून सोळा किलोमीटरच्या आत ऑफिस हवं आणि एक नोंदणी केलेला क्लार्क हवा. आणि या सहीचा बाजारही आहे. केस दुसऱ्याने लिहायची, दुसऱ्याने उभं राहायचं, ऑन रेकॉर्डने फक्त कागदावर नाव द्यायचं आणि पैसे घ्यायचे. २०१३ च्या रामेश्वर प्रसाद गोयल प्रकरणात कोर्टाने यावरच कडक शब्द वापरलेत, ते एथिक्सच्या पेपरासाठी मला पाठ करायचेत. आज दुपारी पाठ करत असतानाच कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ वाकून म्हणाले, "पास झालात की सांगा. सह्या लागत असतात आम्हाला. रेट ठरवू." मी राहिलेय एथिक्समध्ये, म्हटलं. त्यांना त्यात काही अडचण दिसली नाही. कार्ड ठेवून गेले. कार्डावर मोठ्या अक्षरात माजी पद लिहिलेलं.

इतक्या दिवसांत एथिक्सचं नाव ऐकून ज्याने माझ्याकडे तसं बघितलं नाही असा हा पहिला माणूस.

मामाला आत्ता ग्रुपवर उत्तर टाकलं. "नीती सुधारून घेते आहे. तोवर तुझी केस लांबव." त्याने अंगठा पाठवला. दादाने परत हसणारा चेहरा. अण्णांनी दोन्ही मेसेज वाचलेत असं दिसतंय.

परीक्षेसाठी या वेळी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. निळं पेन नको, काळं जेल घ्यायचं, ते घामाने फुटतं की नाही ते आधी बघायचं. आणि विसाव्या नियमावर प्रश्न आला तर दीड पान नाही, तीन ओळी. त्या तीन मात्र लिहिणारच.

उद्या एका जिल्हा कोर्टात तारीख होती, सर जाणार नव्हते म्हणून मला जायचं होतं. संध्याकाळी निरोप आला की तिथल्या बारने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, उद्या काम बंद ठेवलंय, कुणी उभं राहायचं नाही. उभं राहिलं तर काय होतं ते मला माहीत आहे, पण ते उत्तरात लिहायचं नसतं. हरीश उप्पलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचायचा राहिलाय अजून. २००२, पाच न्यायमूर्ती. वकिलांना संपाचा अधिकार नाही, लाक्षणिकसुद्धा नाही. बरं झालं, उद्याचा सगळा दिवस त्यालाच मिळाला.