कॅम्पिंगच्या पातेल्याला घरी केलेलं हलकं झाकण

एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला साधारण 335 किलोज्यूल उष्णता लागते. त्यातलं 15 ग्रॅम पाणी जरी वाफ होऊन गेलं, तरी सुमारे 34 किलोज्यूल म्हणजे दहावा हिस्सा त्याच्याबरोबर जातो. उघड्या पातेल्यावर वारा लागला की एवढी वाफ सहज जाते. म्हणून झाकण हवंच, पण ते जड असायची काही गरज नाही. पातळ पत्र्याला नीट आकार दिला तर तो जाड पत्र्याइतकंच काम देतो.

माझ्या मते सगळ्यात सोयीचा माल म्हणजे बेकिंगसाठी मिळणाऱ्या, एकदाच वापरायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या ट्रेचा सपाट तळ. साध्या कातरीने कापता येतो. घरातली फॉइल चार पदरी केली तर एका रात्रीची नड भागते, एवढंच. कोल्ड्रिंकचा कॅन उलगडून वापरू नये, कारण त्याला आतून प्लास्टिकचा लेप आणि बाहेरून रंग असतो. गॅल्वनाइज्ड पत्रा तर अजिबात नको: आंबट वाफेने जस्त विरघळतं, आणि ज्वाळा थेट लागली तर त्याचा धूर घातक.

पातेलं ट्रेवर पालथं ठेवून काठाभोवती रेघ मारा. त्याबाहेर 12 मिलिमीटर सोडून दुसरं वर्तुळ काढा आणि त्यावर कापा. तोंडाचा व्यास 120 असेल तर चकती 144 मिलिमीटरची होते. बाहेरची 6 मिलिमीटर कड पकडीने थोडी थोडी करत वरच्या बाजूला दुमडा. सलग एकाच दिशेने गेलात तर सगळ्या चुण्या शेवटी एका जागी गोळा होतात, म्हणून समोरासमोरच्या जागा आलटून पालटून घ्या. ही दुमड दोन कामं करते: धार झाकते आणि कडेला ताठपणा देते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चकती पातेल्यावर मधोमध ठेवा आणि चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासत 4-5 मिलिमीटर खोलगट करा. काठ त्यानंतरच खाली वळवायचा. आधी वळवला तर दाबताना पत्रा आत ओढला जातो आणि झाकण बसेनासं होतं. खोलगटपणामुळे आतून जमलेलं पाणी मध्यावर येऊन परत पातेल्यात पडतं. सपाट झाकणात ते काठाकडे जातं, बाहेरून ओघळतं आणि बर्नरवर चरचरतं. भाताचं पाणी असेल तर ज्वाळाही विझू शकते.

खोलगट भाग पातेल्याच्या भिंतीपासून दोन-तीन मिलिमीटर आतच ठेवा. पातेलं टायटॅनियमचं असेल तर तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम त्याच्या अडीच पटीहून जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे गच्च बसवलेला भाग गरम झाल्यावर अडकतो.

झाकण अजून लपलपत असेल तर वर्तमानपत्राच्या घडीवर उलटं ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने मध्याकडून काठाकडे सहा-आठ रेघा दाबा. एका दमात जोर लावला तर पत्रा फाटतो. हलक्या हाताने दोनदा फिरवा.

मुठीसाठी बाटलीच्या बुचाचा 15 मिलिमीटरचा तुकडा आणि 25 मिलिमीटर लांब एम3 (म्हणजे 3 मिलिमीटर जाडीचा) बोल्ट पुरतो. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालाच, नाहीतर भोक मोठं होत जाऊन मूठ निखळते. सामान एकात एक बसवायचं असेल तर स्टेनलेस तारेची, आडवी पडणारी कडी करा. अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने स्टेनलेस स्टील उष्णता फारच कमी वाहून नेतं, तरी मोठ्या आचेवर कापडाने धरलेलं बरं.

वाफेसाठी काठाजवळ 4 मिलिमीटरचं एक भोक ठेवा. ओतताना ते हाताच्या विरुद्ध बाजूला आलं पाहिजे. भोक नसेल तर वाफ झाकण उचलत राहते आणि कडेने उतू जातं. पास्ता निथळायचा असेल तर त्याच बाजूला 3 मिलिमीटरची डझनभर भोकं लाकडावर ठेवून खिळ्याने पाडा आणि उलट्या बाजूचे काटे चमच्याने चेपून टाका.

आंबट पदार्थ या झाकणाखाली रात्रभर ठेवू नयेत, पत्र्याला बारीक खड्डे पडतात. सॅकमध्ये पोचा आला तर पातेल्यावर ठेवून पुन्हा दाबला की निघतो. दुमडीवर चीर दिसली मात्र नवीनच करा, कारण ती कड बोट कापते.