लोकलचा नकाशा, नोंद पाचवी: बोट नेमकं कोणाचं?

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की चर्चगेट ते विरार आणि सीएसएमटी ते कल्याण काढून झालंय, आता फक्त ड्रॅग आणि झूम बसवायचं राहिलंय. त्या ‘फक्त’ने तीन आठवडे खाल्ले.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: हा मुंबई लोकलचा नकाशा, एसव्हीजीमधला (ब्राउझर रेषा आणि आकारांनी काढतो ते चित्र). स्टेशनं आधी साधारण खऱ्या अंतरानुसार पडतात, मग ती बोटाने ओढून नीट मांडायची. दादर ओढलं की पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेषा सोबत आल्या पाहिजेत. रिकाम्या जागेवर ओढलं तर अख्खा नकाशा सरकतो. झूम हवाच, कारण मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड एकमेकांना खेटून बसलेत आणि विरारकडे ठिपके लांबलांब. प्रभादेवी आणि परळ तर एका पादचारी पुलाच्या अंतरावर, आणि मार्ग मात्र वेगळे. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड, वापरायची नाही ही माझी खाज. डी३ या चित्र-आलेखांच्या लायब्ररीतल्या झूमचा सोर्स मात्र शेजारच्या टॅबमध्ये कायम उघडा असतो.

माउस आणि टच यांचे वेगवेगळे इव्हेंट (काही घडलं की ब्राउझर देतो त्या सूचना) ऐकणारा पहिला कोड फेकून दिला. पॉइंटर इव्हेंटमध्ये माउस, बोट, पेन सगळं एकाच दारातून येतं आणि प्रत्येकाला स्वतःचा पॉइंटर-आयडी असतो. एका मॅपमध्ये (नकाशा नव्हे, कोडमधली यादी) आयडी आणि जागा लिहून ठेवायची, एवढंच.

खरी मारामारी मालकीची. परळच्या ठिपक्यावर बोट टेकलं, तर ते बोट स्टेशनचं की नकाशाचं? की नुसती टिचकी आहे आणि स्टेशनचं कार्ड उघडायचंय? मी पॉइंटरडाऊनलाच, म्हणजे बोट टेकल्या क्षणीच, सेटपॉइंटरकॅप्चर करून बोट एसव्हीजीच्या नावावर करत होतो, की त्याचे पुढचे इव्हेंट तिकडेच जावेत. म्हणजे एसटीत चढण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्यासारखं. झालं असं, की क्लिकसुद्धा स्टेशनऐवजी एसव्हीजीकडे जायला लागला आणि कार्ड उघडेना. आता रुमाल उशिरा टाकतो. बोट टेकलं की दावेदार नोंदवायचे, बोट ठरावीक अंतर हललं की मालक ठरवायचा, कॅप्चर त्यानंतर. त्या अंतराच्या आत बोट उचललं तर ती टिचकी. एकदा मालक ठरला की बोट उठेपर्यंत बदलायचा नाही.

हे ‘ठरावीक अंतर’ माउसला ३ पिक्सेल, बोटाला ८. रविवारी भाचा फोन घेऊन बसला आणि पाचव्या मिनिटाला म्हणाला, “मामा, तुझं दादर चिकटलंय.” मला पटेना. मग बघितलं तर त्याने आठपट झूम केलेला, आणि मी अंतर मोजत होतो नकाशाच्या एककात. तिथले ८ म्हणजे स्क्रीनवरचे ६४ पिक्सेल! एवढं बोट सरकवल्याशिवाय दादर हलणार कसं? उलट झूम कमी केला की जरा थरथरलं तरी ओढणं सुरू. धडा इतकाच, की बोटाशी संबंध असलेलं प्रत्येक माप स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये. स्टेशनचं पकडक्षेत्रही तसंच केलं. बोटाभोवती २२ पिक्सेलच्या वर्तुळात येणाऱ्यांपैकी सर्वांत जवळचं स्टेशन उचलायचं. परळ-प्रभादेवीचा घोळ त्याने बराच कमी झाला.

दुसरा किडा जास्त चिवट होता. मधूनच एका बोटाने ओढताना नकाशा उडी मारून भलतीकडे जायचा. दोन कारणं निघाली. टच-ॲक्शन ‘नन’ (स्पर्शावर ब्राउझरने स्वतः काही करू नये ही सूचना) मी पॉइंटरडाऊनच्या आत लावत होतो. ब्राउझर पान स्क्रोल करायचं की नाही हे बोट टेकतानाच ठरवतो, नंतर लावलेलं त्या स्पर्शापुरतं वायाच. त्यामुळे ब्राउझर तो स्पर्श स्वतःकडे घ्यायचा आणि मला पॉइंटरकॅन्सल (हे बोट आता तुझं नाही) पाठवायचा. ते मी ऐकतच नव्हतो! मॅपमध्ये भुताचं एक बोट राहून जायचं आणि पुढचं खरं बोट दुसरं समजून पिंच, म्हणजे दोन बोटांचा झूम, सुरू. टच-ॲक्शन सीएसएसमध्ये (पानाच्या रूपाचे नियम, ते आधीपासूनच लागू असतात) हलवलं, आणि पॉइंटरअप (बोट उचललं) नि पॉइंटरकॅन्सलला आता एकच फंक्शन आहे.

तरीही दोनपैकी एक बोट उचललं की छोटी उडी राहिलीच होती. इथे एक पथ्य पाळा: बोटांची संख्या बदलली की हिशेबाचा पाया नव्याने घ्यायचा. पिंचचा मध्यबिंदू आणि उरलेल्या एका बोटाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी, जुना पाया धरून ठेवला तर फरक एकदम अंगावर येतो. झूमचं सूत्र नेहमीचंच. ‘सरक’ म्हणजे नकाशा किती सरकलाय ते. बोटाखालचा बिंदू जागचा हलू नये म्हणून नवा सरक = बोट − (बोट − जुना सरक) × नवा झूम ÷ जुना झूम.

माउसच्या चाकाचं फारसं सांगण्यासारखं नाही. डी३ची पद्धत उचलली: डेल्टावायला (चाक किती फिरलं तो आकडा) ०.००२ने गुणायचं आणि २चा तेवढा घात ही झूमची पट. माझ्या माउसला एका खटक्याला १०० येतात, म्हणजे पाच खटक्यांत नकाशा दुप्पट. ट्रॅकपॅडवरचा पिंच क्रोममध्ये कंट्रोल दाबलेल्या चाकासारखा येतो, तो अडवला नाही तर अख्खं पानच मोठं होतं. आणि लिसनर (इव्हेंट ऐकणारं फंक्शन) विंडोवर लावू नका. क्रोम तिथे चाकाचे लिसनर आपणहून पॅसिव्ह (नुसते ऐकणारे, अडवू न शकणारे) धरतो, मग प्रिव्हेंटडिफॉल्टला, म्हणजे अडवण्याच्या सूचनेला, कोणी विचारत नाही. एसव्हीजीवर लावा, पॅसिव्ह ‘फॉल्स’ स्पष्ट लिहून.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग सकाळच्या बोरिवली फास्टमध्ये सुचला. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन, बाजूच्याचं कोपर बरगडीत. दोन बोटांचा पिंच करणार कुठून? म्हणून अंगठ्याचा झूम घातला: दोनदा टिचकी, दुसरी सोडायची नाही, तसाच अंगठा वर-खाली. १०० पिक्सेल खाली म्हणजे दुप्पट. अडचण अशी की मग एका टिचकीला कार्ड उघडायच्या आधी ३०० मिलिसेकंद थांबून दुसरी येते का बघावं लागतं, आणि ते थांबणं फार मठ्ठ वाटतं. मी थांबत नाही. कार्ड लगेच उघडतो, दुसरी टिचकी आली तर मुकाट बंद करतो. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. अंधेरी ते दादर उभ्याने वापरून बघा, मग बोलू.

स्टेशन ओढत असताना दुसरं बोट टेकलं तर मी सध्या त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. ओढणं रद्द करून पिंच सुरू करणंही करून पाहिलं, पण तळहाताची कड लागली तरी ठाणे आपलं परत जागेवर जाऊन बसायचं. मॅकवरच्या सफारीत ट्रॅकपॅडच्या पिंचचे स्वतंत्र जेश्चर इव्हेंट असतात, त्यांना अजून हात लावलेला नाही. घरात मॅक नाही, बहिणीचा शनिवारी मिळेल. हार्बर लाइनचा वडाळ्याचा फाटाही तेव्हाच काढेन.