माडीवरचं लॅन : तिसरा रविवार

गेल्या रविवारी ओटीवरच्या राउटरपासून माडीपर्यंत २२ मीटर कॅट ६ जातीची नेटवर्क केबल ओढून झाली होती. आज दोन्ही टोकांना आरजे-४५ कनेक्टर (केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे प्लग) क्रिंप केले, म्हणजे टूलने दाबून बसवले. लिंक लागली, पण लॅपटॉप दाखवतोय १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). हवी होती १०००.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : आमचं घर चिऱ्याचं, भिंती दीड फुटी. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वायफाय सिग्नल माजघरातच संपतो. २.४ गिगाहर्ट्झचा माडीवर पोचतो, पण रडतखडत. म्हणून केबलचं लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांना जोडणारं जाळं.

खालच्या डेस्कटॉपवरून फोटोंचं फोल्डर वर ओढलं तर वेग सेकंदाला साडेअकरा एमबी. काका शेजारीच होते. म्हणाले, ‘‘अरे, शंभर लिहिलंय ना, मग अकराच कसं?’’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. लिंकचा वेग मोजतात मेगाबिटमध्ये, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिट मिळून १ बाइट. १०० ला ८ ने भागलं की साडेबारा, त्यातला थोडा वाटा डेटासोबतच्या पत्त्यांत आणि ‘पोचलं’ सांगणाऱ्या पावत्यांत जातो. इंटरनेटच्या प्लॅनचं गणितही हेच.

आता १०० च का? केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. केबल टेस्टर लावला (प्रत्येक तारेला एक दिवा), तर १, २, ३, ४ लागले, पाचवा दिवा गप्प. पाचवी म्हणजे पांढरी-निळी. कनेक्टर भिंगाखाली धरला आणि दिसलं : ती एकच तार इतरांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिली होती, कनेक्टरमधलं सोनेरी पातं तिला टेकलंच नव्हतं.

तो कनेक्टर कापून टाकला; एकदा दाबलेला परत वापरता येत नाही. नव्याने करताना आठही तारा अंगठ्याने सरळ केल्या, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा लावल्या, आणि सगळ्या एका रेषेत एकदमच कापल्या. आठही टोकं कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसल्याशिवाय टूल दाबलं नाही. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. बाहेरचा विजेचा गोंगाट त्या पिळामुळेच मारला जातो.

लिंक १०००. तेच फोल्डर ११० एमबीच्या वेगाने वर आलं. काकांनी स्वतः दुसऱ्यांदा कॉपी करून पाहिलं.

पुढच्या रविवारी माडीवर पाच पोर्टचा (केबल खोचायच्या पाच जागांचा) नेटवर्क स्विच. कपाटात जुना राउटर पडलाय, पण तो तसाच लावला तर घरात यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे नेटवर्कचे पत्ते वाटणारे दोघे होतील आणि यंत्रं गोंधळतील. स्विच पत्ते वाटत नाही, आलेला डेटा ज्या पोर्टचा त्या पोर्टला देतो. मला तेवढंच हवंय. खालून आलेली केबल, टीव्ही, लॅपटॉप आणि प्रिंटर त्यावर येतील, एक पोर्ट मोकळा ठेवणार.